पुसण्याआधीचा फोन

विलास,

गेल्या आठवड्यात तुझं रेकॉर्डिंग पुसायची वेळ आली.

नियम तुझाच. कार्यक्रम झाला की त्याचं रेकॉर्डिंग महिनाभर आपल्या सर्व्हरवर राहणार, मग घरच्यांना फोन करून सांगायचं की तुमचं तुम्ही घेऊन जा, आणि त्यानंतर पुसायचं. हळद, लग्न, कबड्डीचे सामने, शाळेचं गॅदरिंग, कुणाचं दहावं, सगळ्यांना एकच न्याय. तुझ्या अंत्ययात्रेचं रेकॉर्डिंगही त्याच सर्व्हरवर, त्याच रांगेत होतं आणि त्याला महिना होऊन गेला होता. तुळशीची लग्नं लागून गेलीत, हळदींचं बुकिंग दणक्यात आहे आणि डिस्क काठोकाठ भरली आहे. नव्यांना जागा करायची तर जुन्यांनी उठायला हवं, आणि जुन्यांत आता तू आलास. इतक्या लवकर येशील असं वाटलं नव्हतं, गाढवा.

आजवर पुसायचं काम मी कधी केलं नाही आणि पुसण्याआधीचा फोनही कधी केला नाही. दोन्ही तुझी खाती. मी होतो तो सर्व्हर चालू ठेवायला आणि तुझ्याशी भांडायला. आता फोन करायचा तो तुझ्याच घरी, तुझ्या आईला. काकींना सांगायचं की तुमच्या मुलाची अंत्ययात्रा आमच्याकडे पडून आहे, महिना झाला, घेऊन जा. दोन-तीन दिवस मी तो फोन टाळला. टेबलावरची धूळ पुसली, एसीची जाळी धुतली, वायरींना नव्या चिठ्ठ्या लावल्या. तू असतास तर म्हणाला असतास, "कोकण्या, आज घरी पाहुणे येणार आहेत का?"

आपण काय करतो, हे कुणी विचारलं की तू एका वाक्यात उरकायचास. "ज्यांना यायला जमलं नाही, त्यांना आम्ही कार्यक्रमात बसवतो." मी मात्र थेट प्रक्षेपण, सर्व्हर, स्टोरेज, लोड असं सुरू करायचो आणि समोरचा मोबाइल काढून बघायला लागायचा. ठाण्याच्या कॉलेजात आपण एकाच बाकावर बसून एकच गोष्ट शिकलो, पण सांगायची रीत तुझी तुझ्याकडेच राहिली. मी ठाण्यात नोकरीला लागलो, बरी होती, सोडली. तुझ्याबरोबर मानपाड्याला पावडर कोटिंगच्या कारखान्यावरच्या गाळ्यात येऊन बसलो. माझ्या बाबांनी तेव्हा महिनाभर माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. रंगाच्या वासाने डोकं उठायचं. खाली रंग भाजायचा ओव्हन, वर आपली मशिनं, आणि मधल्या स्लॅबवर आपण दोघं. मे महिन्यात त्या अख्ख्या इमारतीत थंड अशी एकच खोली, आपली सर्व्हरची. खालचे शेठ डबा घेऊन वर यायचे आणि मशिनांच्या मधे खुर्ची टाकून जेवायचे. एकदा त्यांनी कढी सांडली होती. तू ओरडला नाहीस, फडकं दिलंस. मी ओरडलो.

तुझी फोन करायची पद्धत ऐकून मला हसू यायचं. "काकू, तुमची हळद आमच्याकडे आहे, कधी नेताय?" पलीकडे गोंधळ. मग तू समजावून सांगायचास. लोक यायचे ते आठ लग्नांचे फोटो कोंबलेला पेनड्राइव्ह घेऊन, त्यात मुंगीला शिरायला जागा नसायची. एक आजोबा मेमरी कार्ड पानाच्या डबीत ठेवून घेऊन आले होते, चुना लागलेलं. तू ते रुमालाने पुसून, फुंकर घालून लावलंस आणि चाललं की रे. काही जण यायचेच नाहीत. त्यांना तू पुन्हा फोन करायचास, मग पुन्हा एकदा, आणि मग एका दुपारी चहा पिऊन शांतपणे पुसून टाकायचास.

त्यावरून आपलं जे भांडण झालं ते मिटलंच नाही. माझं म्हणणं सरळ होतं. डिस्क वाढवू, जुनं ठेवू. कुणाला कधी काय लागेल सांगता येत नाही. तू म्हणायचास, "अरे, जागा वाढवली ना, की कोण न्यायला येणारच नाही. यांच्याकडे आहे म्हणून निवांत बसतील सगळे. आणि एक दिवस आपली डिस्क उडेल. मग कोणाकोणाच्या दारात जाऊन सांगशील?" मी म्हणायचो, दुसरी प्रत ठेवू. तू म्हणायचास, "तिलापण जागा लागते." मग मी तुला कसाई म्हणायचो आणि तू मला भंगारवाला. पाच मिनिटांनी वडापाव यायचा.

एकदाच ते भांडण हसण्यावारी गेलं नाही. विठ्ठलवाडीहून त्या बाई आल्या होत्या तेव्हा. पुतण्याच्या हळदीत त्यांचा नवरा नाचला होता, आणि त्यानंतर काही महिन्यांनी गेला. नाचताना कधी बघितलंच नव्हतं हो त्यांना, म्हणाल्या, त्या दिवशीच काय ते नाचले. तेवढा तुकडा द्या. तेव्हा आपण फोन करत नव्हतो, नुसता मेसेज जायचा, आणि तो पुतण्याच्या नंबरवर गेलेला. रेकॉर्डिंग कधीच पुसलं गेलं होतं. मला वाटलं तू काहीतरी गोड बोलशील, शोधतो म्हणशील, दोन दिवसांनी या म्हणशील. तू उठून उभा राहिलास आणि म्हणालास, "ताई, नाही ते. मीच पुसलं." बाई जिना उतरून गेल्या. मी तुला नको नको ते बोललो. तू उलट काहीच बोलला नाहीस, याचा मला जास्त राग आला. दुसऱ्या दिवसापासून मेसेज बंद झाले आणि तू फोन करायला लागलास, तोही तू स्वतः. पण पुसणं काही थांबवलं नाहीस. मी म्हटलं, एवढं होऊनही? तू म्हणालास, "त्या बाईंचं आपल्याकडे होतं, अवी. त्यांच्याकडे असायला हवं होतं."

त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. अजून आहे. तू ऐकायला थांबला नाहीस.

दुसरं भांडण लोडचं. हळद रंगात आली, बेंजो सुरू झाला, की गावोगावचे पाहुणे एकदम आत यायचे आणि सर्व्हर दमायला लागायचा. मी म्हणायचो, ज्याने काम दिलंय त्याच्या माणसांचं चित्र आधी स्वच्छ ठेवू, बाकीच्यांचं अडकलं तर अडकलं. तू सगळ्यांचीच क्वालिटी एक पायरी खाली आणायचास, यजमानासकट. "थोडं धूसर दिसेल, पण बाहेर कोणी राहणार नाही." एका नवरदेवाच्या मामाने तर मंडपातून फोन करून आपला उद्धार केला होता, मोठ्या पडद्यावर नवरदेवाचं नाक दिसत नाही म्हणून. तू त्यांना म्हणालास, "मामा, नवरदेव तुमच्या समोरच आहे, इकडे मान वळवा की." मामा पुढे तुझे खास दोस्त झाले. तुझं असंच. शिव्या देणारा माणूस तुझ्याबरोबर जेवूनच जायचा.

आणि मग तू दुपारी जेवायला म्हणून घरी गेलास आणि परत आलाच नाहीस. डॉक्टर म्हणाले हृदय. मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा काकी बाकावर बसल्या होत्या आणि तुझी चप्पल त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी ती कुणाला घेऊ दिली नाही. तुझं लग्न झालेलं नाही, वडील कधीच गेलेले, घरात काकी आणि तूच. आता काकी एकट्याच.

जयूचा मस्कतहून फोन आला. तुझी बहीण रडत नव्हती, तेच वाईट होतं. "अवीदादा, मला विमान उद्याचं मिळतंय. तोपर्यंत ठेवणार नाहीत म्हणतात. मला दाखव." मी हो म्हटलं आणि मग लक्षात आलं की आपल्या ऑफिसातून कॅमेरा घेऊन जाणारी माणसं दोनच, एक तू आणि एक मी. मग मीच गेलो.

तुला ते सांगायचंय. तुझ्या ओट्यावर मी कॅमेरा लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं. तुला बाहेर आणलं. गावातली माणसं, कबड्डीची पोरं, ते मामासुद्धा. तू ज्यांच्या ज्यांच्या हळदी दाखवल्यास ते सगळे घरबसल्या आत यायला लागले. मोबाइलवर आकडा चढताना दिसत होता. इतका लोड आपल्याला कबड्डीच्या फायनललाही कधी आला नव्हता. चित्र अडकायला लागलं. जयूचा मेसेज आला, दादा, थांबलंय. मी एका हातात कॅमेरा धरून दुसऱ्या हाताने सगळ्यांची क्वालिटी खाली आणली. एक पायरी, मग अजून एक. मूळ रेकॉर्डिंग सर्व्हरवर स्वच्छच राहिलं, पण त्या वेळी जगभरच्या सगळ्या लोकांना तुझा चेहरा धूसर दिसला असणार, जयूलाही. पण बाहेर कोणी राहिलं नाही. मला तिथे उभ्या उभ्या तुला हाक मारून सांगावंसं वाटलं, बघ, केलं मी. आणि त्याच वेळी तुझा राग आला, की हे करायला मला इथे आणलंस.

तर गेल्या आठवड्याचं. आपल्या दोन डिस्का तुला ठाऊकच आहेत, पण तू गेल्यापासून त्या मला नव्याने दिसायला लागल्यात. वरची वेगवान आणि लहान, खालची मोठी आणि सुस्त. लोक जे बघतायत ते वर राहतं, आठवडाभर कुणी बघितलं नाही की आपोआप खाली उतरतं, आणि महिन्याने खालूनही जातं. तुझ्या पाठोपाठ झालेले साखरपुडे खाली उतरले, दोन बारशी उतरली, सामने उतरले. तुझं रेकॉर्डिंग उतरेना. मला आधी वाटलं बिघाड आहे. तू असतास तर लगेच बघितलं असतंस. मला हिंमत व्हायला वेळ लागला. बिघाड नव्हता. कुणीतरी ते रोज बघत होतं. रोज सकाळी, पहिल्यापासून. आणि रोज त्याच जागी बंद करत होतं, शेवटाच्या बरंच आधी.

मला वाटलं जयू असेल. तिला विचारलं. ती म्हणाली, "नाही रे दादा. एकदा बघितलं तेवढं पुरे. मी नाही बघू शकत परत."

मग फोन करण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. तुझा मोबाइल काकींकडे आहे, त्यांचा स्वतःचा वेगळा नाही. म्हणजे फोन लावायचा तर तुझ्या नावावर बोट ठेवायचं. लावला. तिकडे रिंग वाजत होती आणि इकडे माझ्या स्क्रीनवर तुझा तो कबड्डीच्या मैदानावरचा फोटो, तोंडात शिट्टी. उचलला गेला तेव्हा क्षणभर मला वाटलं, आता तू म्हणशील, बोल कोकण्या.

"बोल, बाला," काकी म्हणाल्या.

मी तुझ्यासारखं सुरू करायचा प्रयत्न केला. काकी, आमच्याकडे, म्हणजे ते, महिना झाला ना. पुढे जाईना. त्यांनीच सोडवलं. "पुसाचा हाय ना? ठावं हाय मना. इलास सांगाचा, आये, आमी सगला पुसतो. फोनवर नको बोलू. घरा ये, च्या पी."

गेलो. तुझ्या गावात आता तुझं घर शोधायला लागतं, तीन बाजूंनी टॉवर झालेत. त्या जमिनी ज्यांनी विकल्या त्यांच्याच हळदी आपण दाखवल्या, तुम्ही तेवढी विकली नाहीत. काकी ओट्यावर बसल्या होत्या. तुझा मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. तुझ्या हळदीची हौस म्हणून त्यांनी तुला किती छळलं होतं ते आठवलं, लोकांच्या हळदी दाखवतोस, तुझी कधी? मी बाजूला बसलो.

"त्या मीच बघते," त्या म्हणाल्या. "जयूनी शिकवला. हिथं दाबला की चालू."

मी विचारलं, रोज कशाला बघता, काकी? त्रास होतो.

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "आमी बायका वेशीपरयंत. मंग मागं फिराचा. मना नेला नाय कोनी पुढं. बापाचे टायमाला नाय नेला, नवऱ्याचे टायमाला नाय, आन् आता पोराचे टायमाला पन नाय. मी बोलली, मना येव दे. तर ह्या सगल्या मना धरूनशी बसल्या." मग म्हणाल्या, "आता मी जाते. रोज जाते तेचे संगती."

मग त्यांनी मला दाखवलं. विलास, तुझ्या आईबरोबर बसून मी तुझी अंत्ययात्रा बघितली, भर सकाळी, चहाचा कप हातात घेऊन. आणि खरं सांगतो, त्या एकट्या रडत बसलेल्या नव्हत्या. गर्दीतल्या एकेकाला ओळखत होत्या. "कवरी मानसा आल्यान बघ. हा त्या पोऱ्याचा बाप, याचा गुडघा दुकतो, तरी आला. हा बघ, चपला घालूनशी चाललाय, लाज नाय. ह्या कोन रे, मोठ्या मिशांचा?" ते मामा होते. मी नवरदेवाच्या नाकाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या. हसून पदराने तोंड पुसलं. तुझ्या मागून किती माणसं गेली, कोण खांदा द्यायला पुढे झालं, कुणी वाट अडवणारी रिक्षा बाजूला ढकलली, हे सगळं त्यांना पाठ आहे. वेशीपाशी परत फिरलेल्या बाईला हे कोण सांगणार होतं? घरी आलेले पुरुष आंघोळ करून गप्प बसतात.

टॉवर संपले. डाव्या हाताला पूर्वीची मिठागरं, आता नुसतं गवत. त्यापुढे रस्ता खाडीकडे, स्मशानाकडे वळतो. वळणावर त्यांनी अंगठा ठेवला आणि चित्र थांबवलं. तेवढ्यासाठी त्या आधीपासून बोट वर धरून बसल्या होत्या.

"हिथशी पुढं मी नाय जात."

मी म्हटलं, बरोबर आहे काकी, नका जाऊ. इथेच थांबत जा. मी हे पुसत नाही, तुम्हाला पाहिजे तितके दिवस राहू दे.

"नाय. पुढचा पूस."

मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग हळूहळू बोलल्या. एका सकाळी असंच बघत असताना आत चहा उतू गेला. त्या उठल्या, गॅस बंद केला, भांडं उतरवलं आणि परत आल्या तोवर मोबाइल एकटाच पुढे गेला होता. त्यांनी बघितलं. काय बघितलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला सांगायची गरज नव्हती, कॅमेरा माझ्याच हातात होता. त्या दिवसापासून त्या पहिल्यापासूनच बोट वर धरून बसतात. माणसं बघायची सोडून वळण कधी येतंय तेच बघत राहतात.

"तू पुढचा पुसलास," म्हणाल्या, "त मना शेवटपरयंत बघता येल."

मी निघताना म्हटलं, काकी, एकदा पुसलं की परत मिळत नाही. त्या म्हणाल्या, मना ठावं हाय. शेवटी आई कुणाची!

जयूला फोन केला. भाऊ तिचाही. तिला सगळं सांगितलं, उतू गेलेल्या चहासकट. ती म्हणाली, "आय बोलते तसं कर, दादा. मी बघितलंय तेवढं माझ्याकडे आहे."

तर मी तुझ्या खुर्चीवर बसलो, विलास. आयुष्यात पहिल्यांदा. ती एका बाजूला कलते हे तू कधी सांगितलं नव्हतंस. कापायचं कुठे हे ठरवायला मला पुढचा भाग एकदा बघावा लागला, आणि मी तो सगळा बघितला, कारण निदान एकाने तरी तो बघून मग पुसावा असं वाटलं. मी इतकी वर्षं तुझ्याशी भांडलो की काही पुसू नये. भांडताना माझ्या डोळ्यासमोर नेहमी विठ्ठलवाडीच्या बाई असायच्या. ठेवलेली गोष्टसुद्धा कुणाला भीती घालू शकते, हे मला सुचलंच नव्हतं. तुला सुचलं होतं का? की तू आपला जागेचाच विचार करत होतास? हे विचारायचं राहून गेलं. माझा आपला अंदाज आहे की तू जागेचाच विचार करत होतास, आणि माझं खरं आहे हे मान्य करायला तयार नव्हतास.

मूळ रेकॉर्डिंगमधून कापलं. मग लहान-मोठ्या सगळ्या क्वालिटीच्या प्रती एकेक करून काढल्या, एकही राहू नये म्हणून पुन्हा तपासल्या. "नक्की पुसायचं का?" असं ते मशीन विचारतं. तू त्याला मोठ्याने "हो रे बाबा" असं उत्तर द्यायचास. मी नुसतं बटण दाबलं. मग टेबलावर डोकं ठेवलं आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा रडलो, चांगला हमसून. खालचे शेठ वर आले होते. त्यांनी दार लोटून घेतलं आणि गेले. डिस्कवर जागा म्हणावी तशी काही झाली नाही, जेमतेम एका बारशापुरती.

दुसऱ्या दिवशी उरलेलं रेकॉर्डिंग घेऊन गेलो आणि तुझ्या मोबाइलमध्ये घातलं, आता नेट नको, सर्व्हर नको, मी नको. काकींना सांगितलं, हे आता तुमच्याकडे आहे, आमच्याकडचं मी काढून टाकतो. त्यांनी मान हलवली. तुझ्या नियमात बसेल असं मी केलेलं हे पहिलं काम. तुझा नियम मला अजून पटलेला नाही. नवी डिस्कही मी मागवणार आहे, आता अडवायला तू नाहीस. त्या नियमाबद्दल तुझा मनापासून राग आहे आणि तुझे तेवढेच उपकारही आहेत. कुठलं किती ते मला वेगळं करता येत नाही.

काकींनी मोबाइल डब्याला टेकवला आणि लावला. या वेळी दोन्ही हात मांडीवर होते. ओटा, अंगण, माणसं. मामांना ओळखलं. रिक्षा ढकलणाऱ्या मुलाचं कौतुक केलं. टॉवर गेले, गवत आलं. वळणाजवळ आल्यावर मीच मोबाइलकडे सरकलो, बरोबर कापलंय ना, एखादं चित्र राहिलं तर नसेल ना. तू खांद्यावरून वळलास आणि चित्र संपलं.

मोबाइल क्षणभर काळा झाला. मग, तुझ्या त्या मोबाइलची खोडच तशी असावी, त्याने आपलं आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ओटा दिसला, दार दिसलं, आणि दारात तू.

काकी पुढे झुकल्या. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बघ. आला घरा."